बोललं ते माघारी

४ नोव्हेंबर

घोडं गंगेत न्हालं एकदाचं. शिरवळहून सकाळच्या एसटीनं निघाले, कराडला गाडी बदलली, पलूसला उतरले आणि तिथून ऊस टाकून परत निघालेल्या रिकाम्या ट्रॅक्टरवर बसून वस्तीवर आले. ट्रॅक्टरवाल्यानं गाणी एवढ्या मोठ्यानं लावली होती की त्यानं नाव विचारलं तेव्हा मी गाव सांगितलं. शिवांजलीची मी वाटभर 'शिरवळकर म्याडम' झाले होते.

क्षेत्रकामाला जाणाऱ्यानं रोजनिशी लिहावी असं मगदूम मॅडमनी बजावलं आहे. गुणमाला मगदूम, आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख. कृष्णाकाठची बोली गोळा करायचा मोठा प्रकल्प त्यांना मिळाला आणि त्यात संशोधन साहाय्यकांच्या दोन जागा निघाल्या. फी माफ, दरमहा विद्यावेतन, राहण्याचा खर्च वेगळा. भाषाशास्त्राच्या आमच्या अख्ख्या वर्गानं अर्ज केले होते. एक जागा मला मिळाली. आईनं आळीत पेढे वाटले, पण पोरीला नेमकं काय काम मिळालं ते तिला सांगता येईना, म्हणून 'सरकारी हाय' म्हणून मोकळी झाली. बाबा कारखान्याच्या पाळीवरून येईपर्यंत निम्मे पेढे संपले होते.

ज्यांच्याकडे उतरले ते घर गोड आहे. बनुकाकी म्हणजे घरची कर्ती, साठीच्या आतली, आवाज खणखणीत. त्यांचे यजमान जोतीरामआबा, फार कमी बोलणारे. मुलगा विश्वजीत फौजेत, तिकडे जम्मूला. सून माया वहिनी माझ्याच वयाची. मला बनुकाकींचं बोलणं रेकॉर्ड करायचं आहे हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "माझं ऐकायला पुन्यासनं पोरगी आली, आन् घरात एक मानूस ऐकत न्हाई." आबा हे ऐकून गोठ्याकडे निघून गेले.

खरं तर असंच बोलणं आमच्या शिरवळच्या घरातही आहे. मीच पुण्यात जाऊन शहाणी झाले. आई फोनवर 'कवा येतीस' म्हणते आणि वसतिगृहातल्या पोरी ऐकतील म्हणून मी बाहेर जाऊन बोलते. आता त्याच बोलण्यावर माझं पोट चालणार. आईनं माया वहिनीचा नंबर मागून घेतला आणि दोघी पहिल्याच फोनवर तासभर बोलल्या.

६ नोव्हेंबर

२०१९च्या पुरात यांचं नदीकाठचं घर गेलं आणि २१ साली उरलेल्या भिंतीही गेल्या. त्यानंतर हे नवं घर वरच्या रानात बांधलं. पोपटी रंग, वर स्लॅबच्या सळया तशाच उघड्या, पुढंमागं मजला चढवायचा म्हणून. राहायला येऊन दोन वर्षं झाली तरी वास्तुशांत झालेली नाही. विश्वजीतच्या हातूनच करायची असं बनुकाकींचं म्हणणं आणि त्याची सुट्टी दोनदा रद्द झाली.

मला मिळालेली खोली आग्नेय कोपऱ्याची. मुळात ती स्वयंपाकघर व्हायची होती, पण वास्तुशांत होईपर्यंत आत चूल पेटवायची नाही म्हणून रांधणं बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये चालतं. कोपऱ्यात वास्तूची मूर्ती पुरण्यासाठी खड्डा घेऊन ठेवला आहे. मूर्ती पितळेची, वितीएवढीसुद्धा नाही, ती लाल फडक्यात गुंडाळून कपाटात आहे. खड्ड्यावर नुसती एक फरशी ठेवली आहे. पाय पडला की ती खडखडते.

बनुकाकींनी मला घरातला एकच नियम सांगितला. वाईट बोलायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणते हे आमची आईही म्हणते, त्यात नवीन काही नाही. पण बनुकाकींचं म्हणणं असं की शांत केलेली वास्तू दहातलं एखादं ऐकते, ही अजून उपाशी आहे, ही सगळंच ऐकते. चुकून काही बोललं गेलंच तर तळहात भुईला टेकवून लगेच 'बोललं ते माघारी' म्हणायचं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, हे टिपून ठेवायला हवं, मॅडमना आवडेल.

९ नोव्हेंबर

काम सुरू झालं. रेकॉर्डिंग माझ्याच खोलीत करतो, कारण तिथं ऊसगाड्यांचा आवाज कमी येतो. मी साध्या पुस्तकी मराठीत एक वाक्य सांगायचं, बनुकाकींनी ते त्यांच्या बोलण्यात म्हणायचं. वाक्यं माझी मीच रचते. मॅडमनी दोनच गोष्टी सांगितल्या आहेत. वाक्यात घरातली माणसं, घरातली जनावरं असावीत, म्हणजे बोलणारा अवघडत नाही. आणि कुणी न करता आपोआप घडून गेलेल्या गोष्टी असाव्यात.

आता आपोआप काय घडतं? दूध उतू जातं, दिवा जातो, माणूस पडतं. चांगल्या गोष्टी कराव्या लागतात, वाईट आपल्या आपण होतात. त्यामुळं माझी निम्मी वाक्यं वाईटच निघाली. बनुकाकी आधी कां कूं करायच्या. मी म्हटलं, काकी, हे खोटंखोटं आहे, शाळेतल्यासारखं. त्यांना माझी दया आली असावी. प्रत्येक वाक्य म्हणतात, लगेच वाकून हात टेकतात आणि बोललं ते माघारी म्हणतात. गुडघे दुखतात तरी वाकतात.

संध्याकाळी मी ते सगळे 'माघारी' कापून काढते. मॅडमचा दंडक आहे, नमुन्यात नमुन्याशिवाय काही नको. म्हैस आटली. मोटार जळाली. आबा घसरले. एकेक वाक्य सुटं आणि स्वच्छ, दाण्यावरचं टरफल काढल्यासारखं.

१३ नोव्हेंबर

सगळे रानात गेले की भर दुपारी मी लिहून घ्यायला बसते. हे काम ज्यानं केलं नाही त्याला कळायचं नाही. एक वाक्य पुन्हा पुन्हा वाजवावं लागतं. संगणकाला सांगितलं की तो तेवढाच तुकडा फिरवत बसतो आणि आपण कान देऊन स्वर, झोक, लांबी टिपत राहायचं. एखादं वाक्य किती वेळा वाजतं त्याला गणती नाही. माया वहिनी म्हणाल्या, घरात पोपट पाळल्यासारखं वाटतंय.

एक कटकट आहे. वाक्य संपलं की मागं बारीकसा आवाज येतो. कुणी तरी तोंडातल्या तोंडात 'बरं' म्हणावं तसा. पंपाचा असेल. आवाज गाळायची सोय आहे ती वापरून पाहिली, पण तो गेला नाही.

१५ नोव्हेंबर

म्हैस आटली. काल संध्याकाळपर्यंत चरवी भरून देत होती, आज थेंब नाही. डॉक्टर आले, त्यांना काही कळेना. बनुकाकींनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या चहाला शेजारून दूध आणलं.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ. म्हशी आटतातच.

१८ नोव्हेंबर

विहिरीवरची मोटार जळाली.

मोटारीही जळतात. वीज कमीजास्त होते, सगळ्यांच्याच जळतात. आबा खांद्यावर मोटार घेऊन दुरुस्तीला निघाले तेव्हा मी दारात उभी होते आणि माझ्या हातून त्यांना वाट द्यायचीसुद्धा राहिली.

मॅडमचा फोन आला. माझे नमुने त्यांनी वर्गात ऐकवले, इतके स्वच्छ नमुने कुणी पाठवले नव्हते म्हणाल्या. दुसऱ्या साहाय्यकाचं, राजवर्धनचं, काम मागं पडलं आहे. महिनाअखेरीला आढावा आहे आणि पुढच्या वर्षासाठी दोनपैकी एकच जागा राहणार आहे. आता मला न घडलेल्या गोष्टींची वाक्यं हवीत असं त्यांनी सांगितलं. आला नाही, गेला नाही, अशी.

एवढं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं. म्हैस आणि मोटार यांचं सांगण्याऐवजी मी लगेच वहीत नवी वाक्यं जुळवायला लागले.

१९ नोव्हेंबर

आज एक वाक्य घेतलं. घरातलं माणूस हवं, न घडलेली गोष्ट हवी. मी म्हटलं, 'विश्वजीत घरी आला नाही.'

बनुकाकी उठून बाहेर गेल्या. चुलीपुढं बसून राहिल्या. मी मागं गेले. त्यांना आढाव्याचं सांगितलं, एकच जागा आहे ते सांगितलं, माझे बाबा रात्रपाळी करतात तेही सांगितलं. ते खरं आहे, पण मी ते ज्या आवाजात सांगितलं तो आवाज मला आता आठवायला नको वाटतो. शेवटी त्या पदराला हात पुसत आत आल्या आणि म्हणाल्या, "इस्वजीत घरला आला न्हाई."

मग वाकल्या. तळहात भुईला टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही. बोललं ते माघारी हे त्यांनी तीन-चारदा म्हटलं, शेवटचं तर मला ऐकूही आलं नाही, नुसते ओठ हलत होते.

मी 'एसटी आली नाही' म्हणू शकले असते. 'पाऊस आला नाही' म्हणू शकले असते.

तुकडा अप्रतिम आला आहे. आवाजात थोडा कंप आहे, मॅडम म्हणतील भाव नको होता, पण स्वर एकेक निवडून घ्यावा असा. बाकीचं कापलं. दुपारभर वाजवला.

२२ नोव्हेंबर

आबा घसरले. पाण्याच्या टाकीजवळ शेवाळं होतं. मांडीचं हाड मोडलं. मिरजेला हलवलं आहे, माया वहिनी बरोबर गेल्या. बनुकाकी पिशवीत कपडे भरत होत्या आणि मी त्यांना घड्या करून देत होते. दर घडीला मला वाटत होतं की आता सांगावं. घड्या संपल्या.

दुपारी घरात कुणी नव्हतं. खात्री करून घ्यायची म्हणून मी 'आबा घसरले' लावलं. मागं ते 'बरं' आलंच. नीट ऐकू यावं म्हणून मी कानात हेडफोन घातले. आवाज गेला. वाक्य संपलं की नुसती शांतता. हेडफोन काढले आणि संगणकावरून लावलं. बरं.

पुन्हा हेडफोन. नाही.

म्हणजे ते रेकॉर्डिंगमध्ये नाही. ते खोलीत आहे.

२५ नोव्हेंबर

विश्वजीतची सुट्टी मंजूर झाली. वडिलांच्या हाडाचं कळल्यावर साहेबांनी सोडलं. एक तारखेला निघणार, तीन-चारला घरी. वास्तुशांतही उरकून घ्यायची ठरली, आबा येतील तेव्हा घर शांत झालेलं असावं म्हणून. बनुकाकींनी मला जवळ घेतलं आणि तुझा पाय चांगला म्हणाल्या. सुट्टी आबांच्या हाडामुळं मिळाली आणि आबांचं हाड कशामुळं मोडलं ते मला माहीत आहे. मी त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी राहिले.

ते वाक्य पुसून टाकावं असं रोज ठरवते. पण मॅडमना पाठवायच्या नमुन्यांत तेच सर्वांत चांगलं आहे. ते काढलं तर न घडलेल्या गोष्टींचं माझ्याकडे काही उरत नाही आणि नवं घ्यायला बनुकाकींना कोणत्या तोंडानं बसवू. अठ्ठावीसला पाठवायचं आहे. पाठवून झालं की पुसेन. तोपर्यंत वाजवणार नाही.

२७ नोव्हेंबर

वाजवलं. एका स्वराची लांबी राहिली होती. हेडफोन घालून वाजवलं, म्हणजे खोलीला ऐकू गेलं नसेल. मी स्वतःला हेच सांगते आहे. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

अंगणात माया वहिनी रांगोळीचे ठिपके काढून बघत होत्या. मिरजेहून एका दिवसासाठी आल्या आहेत. वास्तुशांतीला हिरवी नेसू का मोरपंखी असं मला विचारलं. मी मोरपंखी म्हटलं.

३० नोव्हेंबर

जागा मला मिळाली. पुढचं अख्खं वर्ष. मॅडमनी लिहिलं आहे की निवड एकमतानं झाली, आणि ते 'विश्वजीत'चं वाक्य समितीला फार आवडलं.

चहा संपेपर्यंत मला खरोखर आनंद झाला होता. तेवढा वेळ मी त्याला विसरले होते. याची लाज मला आयुष्यभर पुरेल. मग बसले आणि सगळे नमुने पुसले, तुकडे, मूळ, सगळं. मॅडमकडचे मला पुसता येत नाहीत. आईला फोन केला, ती कवा येतीस म्हणाली, मी म्हटलं, दोन-चार दिवसांत येते.

१ डिसेंबर

विश्वजीत निघाला. पहाटे गाडीत बसताना त्यानं आईला फोन केला. आज दुपारपासून त्याचा फोन लागत नाही.

२ डिसेंबर

फोन लागत नाही. बनुकाकी म्हणतात, गाडीत रेंज नसती. दर थोड्या वेळानं लावतात आणि कानाला लावूनच भाकऱ्या थापतात.

दुपारी मी खोलीत पलंगावर बसले होते. संगणक मिटलेला होता, पिशवीत. कोपऱ्यातल्या फरशीखालून बनुकाकींचा आवाज आला. "इस्वजीत घरला आला न्हाई." थोडा कंप असलेला, एकेक स्वर सुटा. मग बरं. मग परत तेच. संगणक फिरवतो तसं. मी कान झाकून घेतले होते, म्हणून दारात बनुकाकी कधी येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नाही.

त्यांनी स्वतःचा आवाज ओळखला. मग मला एवढंच विचारलं, "मागं घेटल्यालं कुठं हाय?"

मी सगळं सांगितलं. कापलं ते, वाजवलं ते, म्हैस, मोटार, आबा, जागा मिळाली ते. काही लपवलं नाही. त्या मारतील असं वाटत होतं, मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या खाली बसल्या, हात टेकवला, माघारी म्हटलं. खालचा आवाज थांबला नाही. पुन्हा टेकवला. मग हात मांडीवर ठेवून त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्या येकदाच म्हनले आन् मागंबी घेटलं. माझं फिटलं. आता जे बोलतंय ते तुजं हाय, पोरी. तुजं तू बघ."

३ डिसेंबर

फोन नाही. मॅडमना विनवलं, ते वाक्य काढून टाका. त्या हसल्या, म्हणाल्या, दमली आहेस, आता चार दिवस घरी जाऊन ये.

सकाळपासून भुईला हात लावून बसले आहे. बोललं ते माघारी. किती म्हटलं. तळहात गार पडला. खालून उत्तर नाही, ते माझं ऐकतच नाही. 'विश्वजीत घरी आला' म्हणून पाहिलं. गप्प. चांगलं त्याला ऐकू जात नाही. त्याला फक्त —

बाहेर मांडव घालतायत. बनुकाकी कुणाला काही बोललेल्या नाहीत. माया वहिनींना मोरपंखीला फॉल लावायचा राहिला होता, तो त्या शेडमध्ये बसून लावतायत. मला सुई ओवून द्यायला सांगितली. माझ्यानं ओवेना.

कुणी तरी घरी यायचं नाही एवढंच त्याला हवं आहे. कोण, हे मी सांगितलं होतं. मग दुसरं नावही मीच —

आईनं दारात उभं राहून कसं म्हटलं असतं ते आठवलं. तिच्याच शब्दांत म्हटलं. पुण्याच्या नाही. 'शिवांजली घरला आली न्हाई.'

हात टेकवला नाही.

बरं.

३ डिसेंबर, दुपार

फोन आला. विश्वजीतचा. दिल्लीला मोबाईल चोरीला गेला होता, दुसऱ्याच्या फोनवरून बोलला, उद्या सकाळी मिरज. बनुकाकी चुलीपुढं बसून रडल्या. माझ्याकडे आल्या, माझं तोंड दोन्ही हातांत धरून बघत राहिल्या. मी काय केलं ते त्यांना कळलं असावं. मी हसले. मला खरंच बरं वाटत होतं, किती दिवसांनी.

आता निघते. पिशवी भरली. संध्याकाळची पलूस गाडी मिळेल.

३ डिसेंबर, संध्याकाळ

उंबऱ्यापर्यंत गेले. पाऊल पुढं टाकलं आणि खोलीत होते. पुन्हा गेले. पुन्हा कोपऱ्यात. पायाखाली फरशी खडखडत होती.

हाका मारल्या. माया वहिनी आत आल्या, माझ्या पलंगावरची चादर झटकली, माझ्या अंगावरून हात नेऊन खिडकी लावली. अंगणात जाऊन म्हणाल्या, ताई न सांगताच गेल्या की.

४ डिसेंबर

विश्वजीत आला. उंच आहे. चालताना आईचा हात सोडत नाही. आला, एवढं पुरे. मी केलं ते — निम्मं तरी —

आबांच्या हाडाचं फेडायचं माझ्याकडेच राहिलं.

बनुकाकींनी कोपऱ्यात भात आणून ठेवला. दहीभात. कुणाला काही न सांगता. जेव पोरी म्हणाल्या. भूक नाही, म्हणजे आहे, पण भाताची नाही —

५ डिसेंबर

गुरुजी आले. होमाचा धूर. फरशी उचलली. लाल फडक्यातून मूर्ती काढली आणि खड्ड्यात पालथी ठेवली. मी बाजूलाच आहे. आता बाजूला की — खालून वर दिसतंय सगळं. बाहेर बिरदेव गवंडी सिमेंट कालवतोय. लिंपलं की शांत होईल. तेव्हा मीही —

ओठ आपले आपण हलतात. सकाळी माया वहिनी म्हणाल्या, दूध नासलं. माझ्या तोंडून — मी म्हटलं नाही, पण ते आलं. बरं. शेजारच्या घरातलंसुद्धा नासलं.

लवकर लिंपा. बिरदेव, लवकर.

माया वहिनींचा फोन वाजतोय. आईचा. हातात आरतीचं तबक आहे म्हणून त्यांनी स्पीकरवर टाकून इथंच, खड्ड्याच्या काठावर ठेवला. आई रडतेय. चार दिवस म्हणली हुती, फोन लागत न्हाई म्हणतेय. बनुकाकी फोनकडे येतायत पण मध्ये माणसं —

आई, नको. आई, ह्या घरात नको बोलू —

"माया, ती न्हाई आली तर म्या न्हाई जगायची गं."

काकी, हात टेका. भुईला. तिचं माघारी घ्या. कुणी तरी —

एका हातानं तोंड दाबलंय, पुरत नाही, दात उघडतायत. पेन ठेवते. दोन्ही हात ला